वन्यजीवांच्या तळ्यासाठी रबरी लायनर: खोक्यातली कामाची एकच वस्तू

घरच्या बागेत बेडूक, चतुर, टाचण्या आणि पाणकिडे यांच्यासाठी छोटं तळं करायचं असेल, तर पैसे मोजावेत अशी वस्तू एकच आहे: एक मिलिमीटर जाडीचा ईपीडीएम रबराचा लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवायला खड्ड्यात अंथरायचा अखंड कागद. तळ्याचा तयार संच घेतला तर त्या लायनरसोबत पंप, फिल्टर, यूव्ही दिवा, कारंज्याची तोंडं, जाळीदार टोपल्या आणि शेवाळ मारायची बाटली असं बरंच काही खोक्यातून निघतं. ते सगळं शोभेच्या माशांसाठी आखलेलं असतं. माशांच्या हौशी मालकाला आरशासारखं पाणी हवं असतं. बेडकाला आणि चतुराच्या अळीला त्याची काही पडलेली नसते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः लायनरचं आहे. बाकीच्या खोक्याचा हिशोब नंतर, थोडक्यात.

ईपीडीएम म्हणजे एथिलीन, प्रॉपिलीन आणि थोडंसं डायीन यांपासून बनवलेलं कृत्रिम रबर. नैसर्गिक रबर उघड्यावर तडकतं, कारण त्याच्या रेणूच्या मुख्य साखळीतच दुहेरी बंध असतात आणि ओझोनचा घाव नेमका तिथेच बसतो. ईपीडीएममध्ये ते बंध मुख्य साखळीबाहेर, बाजूच्या फांद्यांवर असतात. फांदी तुटली तरी खोड शाबूत. त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते, म्हणजे काळा रंग शोभेसाठी नाही, कामासाठी आहे. शिवाय हा लायनर ताणला तर मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट होऊनही तुटत नाही आणि सोडला की परत येतो. खड्ड्याच्या वेड्यावाकड्या आकारात तो बसतो तो या गुणामुळेच.

पीव्हीसीचा लायनर हलका आणि स्वस्त, घड्याही सहज पडतात. पण पीव्हीसी मूळचं कडक. त्याला मऊपणा येतो तो मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, आणि ते ऊन-पाण्यात हळूहळू बाहेर पडत राहतं. मग लायनर आक्रसतो, कडक होतो आणि तडकतो. हे सगळीकडे सारखं होत नाही. पाण्याखालचा भाग बराच काळ ठीक राहतो. आधी जातो तो पाण्याच्या रेषेवरचा, उन्हात उघडा पडलेला वीतभर पट्टा. कोरड्या दिवसांत पाणी खाली गेलं की हा पट्टा आणखी रुंदावतो. पीव्हीसीच घ्यायचं ठरलं असेल तर हा पट्टा माती, गोटे किंवा झाडांनी पूर्ण झाकणं ही त्याच्या आयुष्याची अट समजा.

मोठ्या शेततळ्यांत अंथरतात तो एचडीपीईचा, म्हणजे घट्ट पॉलिएथिलीनचा, कागद भक्कम असतो, पण ताठ. लांबरुंद, सरळ उताराच्या खड्ड्यात तो छान पसरतो. दोन-तीन मीटरच्या गोलसर तळ्यात त्याच्या घड्या टोकदार पडतात आणि त्या टोकांवरच ताण येऊन तो फाटतो. त्याचे सांधे गरम करून वितळवूनच जोडावे लागतात, कारण पॉलिएथिलीनवर गोंद धरत नाही. विणलेल्या ताडपत्रीबद्दल एवढंच: घडीच्या रेषेवर तिचा वरचा थर चिरतो, आणि तिथून पाणी झिरपायला लागलं की जागा सापडता सापडत नाही.

फायबरचं किंवा प्लास्टिकचं तयार साचेबंद टाकं आम्हाला या कामासाठी पटत नाही. बाजू जवळजवळ उभ्या आणि गुळगुळीत, पायऱ्या हातभर लांब पण वीतभरही रुंद नाहीत. आत पडलेला लहान प्राणी, अगदी मधमाशीसुद्धा, बाहेर येऊ शकत नाही. जमीन खणताच येत नसेल तरच ते घ्यावं, आणि मग आतून दगडांचा उतरता रस्ता रचून द्यावा. बसवतानाही एक चूक हमखास होते: टाकं खड्ड्यात ठेवून आधी पाण्याने भरतात आणि मग बाजूच्या फटी बुजवतात. आत पाण्याचं वजन आणि बाहेर पोकळी, त्यामुळे टाकं तिथेच चिरतं. दहा सेंटिमीटर पाणी, मग तेवढीच वाळू बाहेरून ठासायची, पुन्हा दहा सेंटिमीटर पाणी, असं वर यायचं.

काँक्रीटचं तळं चुन्यामुळे पाण्याचा पीएच चढवतं आणि जमीन जरा खचली की भेगाळतं. मातीचं अस्तर सुंदर, पण चांगली चिकणमाती निदान वीतभर जाडीने तुडवून बसवावी लागते आणि पाणी आटलं की ती फुटते. दोन्ही मार्ग जाणकाराच्या हाताखालीच धरावेत.

विकत घेताना काय तपासावं

रबर म्हणून विकलेला प्रत्येक काळा कागद रबर नसतो. एक चौरस इंच तुकडा मागून घ्या. तो पाण्याच्या भांड्यात बुडवून, हवेचे बुडबुडे बोटाने पुसून सोडा. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने तरंगतं. ईपीडीएम आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. मग तुकडा जोरात ताणून सोडा. ईपीडीएम झटकन मूळ मापावर येतं. पीव्हीसी आळसावत येतं, वर प्लास्टिकची चकाकी आणि नव्या पावसाळी चपलांसारखा वास. पॉलिएथिलीन ताणलेल्या जागी पांढरट पडतं आणि तसंच राहतं. या दोन चाचण्यांत बहुतेक फसवणूक उघडी पडते.

जाडी व्हर्नियरने मोजा. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन. ईपीडीएमचं वजन या जाडीला दर चौरस मीटरला साधारण १.२ किलो असतं, तेव्हा गुंडाळी काट्यावर ठेवली तरी अंदाज येतो. ०.७५ मिलिमीटरचा लायनरही मिळतो. मऊ, दगडविरहित मातीत तो चालतो. मुरमाड, खडकाळ किंवा मुळांनी भरलेल्या जमिनीत एक मिलिमीटरच घ्या. त्याहून जाड घेण्याची गरज घरच्या तळ्याला नाही; जाड लायनर घड्या घालू देत नाही आणि तीन माणसांशिवाय हलत नाही.

छतासाठी विकला जाणारा ईपीडीएम दिसायला तोच असतो. पण छताच्या मालात आग रोखणारी किंवा बुरशी मारणारी रसायनं मिसळलेली असू शकतात. 'जलचरांसाठी सुरक्षित' असं उत्पादकाने लेखी दिलेलाच माल तळ्यात घाला. नव्या लायनरवर पांढरी भुकटी दिसते ती गुंडाळी चिकटू नये म्हणून मारलेल्या शंखजिऱ्याची किंवा अभ्रकाची. ओल्या फडक्याने पुसली की झालं. तळं लहान असेल तर तुकडा अखंडच घ्या. जागेवर जोडलेला सांधा हे भविष्यातलं गळतीचं ठिकाण असतं.

हमीपत्रावर वर्षांचा मोठा आकडा असतो. तो कारखान्यातल्या दोषापुरता. कुदळीचं टोक, उंदीर किंवा बांबूचा कोंब त्यात बसत नाही, आणि लायनर निकामी होतो तो बहुतेक वेळा यांपैकीच कशाने तरी.

ईपीडीएमची एक खरी कमजोरी आहे, आणि ती पाकिटावर क्वचितच ठळक छापतात: पेट्रोल, डिझेल, यंत्राचं तेल, डांबर आणि रंगाचे थिनर यांच्या संपर्कात तो फुगतो आणि भुसभुशीत होतो. गवत कापायच्या यंत्रात काठावर उभं राहून पेट्रोल भरू नका. डांबर लावलेलं लाकूड काठाला टेकवू नका.

माप

सगळीकडे एकच सूत्र सांगतात: तळ्याची जास्तीत जास्त लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना ३० सेंटिमीटर. रुंदीलाही तसंच. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल तळ्याला यानुसार ४.८ बाय ३.८ मीटर लायनर लागतो, म्हणजे सव्वाअठरा चौरस मीटर, वजन २२ किलोच्या आसपास.

हे सूत्र उभ्या भिंतींचा हौद डोळ्यांपुढे ठेवून बनलेलं आहे. वन्यजीवांच्या तळ्याला भिंती नसतात, उतार असतात. याच तळ्याची एक बाजू १.६ मीटर अंतरात ६० सेंटिमीटर उतरत असेल, मध्ये ८० सेंटिमीटर सपाट तळ असेल आणि पलीकडची बाजू ६० सेंटिमीटरमध्ये वर येत असेल, तर जमिनीलगतची लांबी जेमतेम ३.४ मीटर भरते. सूत्र तिथे काठ धरण्याआधीच ४.२ सांगतं. म्हणून आधी खड्डा पुरा करा, त्यात सुतळी तळाला टेकवत या काठापासून त्या काठापर्यंत टाका, तिचं माप घ्या, दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर वाढवा आणि वर वीतभर चूकभूल धरा. लायनर आधी आणून मग त्याच्या मापाचा खड्डा खणणाऱ्यांची तळी उथळ बाजूलाच अपुरी पडतात. आणि तळ्यातली बरीचशी हालचाल त्या उथळ बाजूलाच असते.

उथळपणावर कंजूषी करू नका. पहिल्या २० ते ३० सेंटिमीटर खोलीत ऊन पोहोचतं, पाणी लवकर ऊबदार होतं, झाडं उगवतात, बेडूकमासे चरतात. मधला ५०-६० सेंटिमीटरचा खोलगट भाग हा कडक उन्हाळ्यात किंवा पाणी गोठणाऱ्या हिवाळ्यात आसरा म्हणून पुरतो. मीटरभर खोल खणण्यात मेहनत वाया जाते.

या मापाच्या लंबगोल तळ्यात सुमारे १,४०० लिटर पाणी बसतं, म्हणजे १.४ टन. गच्चीवर तळं करण्याचा विचार असेल तर हा आकडा आधी बांधकाम अभियंत्यापुढे ठेवा.

खालचं अस्तर

लायनरचं आयुष्य त्याच्या खाली काय आहे यावर ठरतं. ६० सेंटिमीटर पाण्याचा दाब दर चौरस मीटरवर ६०० किलो. एवढ्या दाबाखाली एक अणकुचीदार खडा वर्षानुवर्षं एकाच जागी टोचत राहतो.

खड्डा झाल्यावर हाताने चाचपून दगड, काचा, तोडलेल्या मुळांची टोकं काढा. छाटलेलं मूळ जमिनीशी समपातळीत ठेवू नका, तीन-चार बोटं आत कापा आणि वर ओली माती थापा. मग न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं नमद्यासारखं कृत्रिम कापड, दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम वजनाचं, तुकडे एकमेकांवर वीतभर चढवत पसरा. संचातलं अस्तर बऱ्याचदा याच्या निम्म्या वजनाचं असतं. दिव्यासमोर धरल्यावर पलीकडचा हात दिसला तर ते दुहेरी घाला. सपाट तळावर खाली तीन-चार सेंटिमीटर बारीक वाळू चालते, उतारावर मात्र ती घसरून तळाशीच जमते. जुने सुती गालिचे, पुठ्ठा, वर्तमानपत्रं कुजतात आणि नेमकी त्या जागी पोकळी राहते.

जमिनीत नागरमोथा असेल तर तो आधी खणून काढा, गाठींसकट. त्याचे कोंब शेतातलं प्लास्टिक आच्छादन भोसकून वर येतात. एक मिलिमीटर रबर त्याला दाद देत नाही सहसा, पण पातळ कागद देतो. बांबू आणि नळगवत यांची टोकदार भूमिगत खोडं मात्र रबरालाही पुरून उरतात. बांबूच्या बेटाशेजारी तळं नकोच. उंदीर-घुशींची बिळं असतील तर अस्तराखाली बारीक छिद्रांची जस्त चढवलेली जाळी घाला, कापलेल्या कडा खाली वळवून, आणि तिच्यावर जिओटेक्स्टाइलचे दोन थर. जाळी थेट लायनरला लागली तर रक्षकच भक्षक.

अंथरणं

लायनर तासभर उन्हात पसरून ठेवला की नरम होतो आणि गुंडाळीचे वळ जातात. त्या तासात त्याखालचं हिरवं गवत करपतं, म्हणून कोऱ्या जमिनीवर पसरा. अंथरताना ओढत नेऊ नका. उचलून, चादर झटकतो तशी खाली हवा भरून तरंगत न्या. खड्ड्यात उतरणाऱ्याने चपला काढाव्यात.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे कोपरे ताणून ठेवणं. लायनर खोलगट भागाच्या कोनात जमिनीला टेकलेला नसेल तर पाणी त्याला खाली रेटतं आणि तो अधांतरी ताणाखाली राहतो. रबर ताण सोसतं, पण ताणलेलं रबर टोचलं की छिद्र लगेच मोठं होतं. तळाशी थोडा सैल ठेवा. दुसरी, शंभर बारीक सुरकुत्या पुसत बसणं. सुरकुत्या नाहीशा होत नसतात, इकडून तिकडे जातात. त्या गोळा करून दोन-तीन मोठ्या घड्या घाला आणि सगळ्या एकाच दिशेने पाडा. घडीच्या आत गाळ साचतो, आणि त्या गाळात पाणकिड्यांच्या अळ्या सुखाने राहतात. दोष म्हणून तिच्याकडे बघायचं कारण नाही.

मग १०-१५ सेंटिमीटर पाणी सोडा, लायनर आपोआप बसू द्या, घड्या सारख्या करा, पुन्हा पाणी. कडा शेवटपर्यंत कापू नका. तळं काठोकाठ भरून दोन-तीन दिवस झाल्यावर, जमीन दबून झाल्यावरच कात्री लावायची.

काठ

तळी फुटतात कमी, काठावरून रिकामी होतात जास्त. आणि दोष मात्र लायनरला दिला जातो.

पाण्याला सपाटी नेमकी कळते. तीन मीटर लांबीत एक टोक पाच सेंटिमीटर खाली असेल तर त्या बाजूला पाणी वाहून जातं आणि समोरच्या बाजूला पाच सेंटिमीटर काळं रबर उघडं पडतं. खणतानाच, लायनर येण्याआधी, चहूबाजूंनी पाणसळ लावा. लांब सरळ फळी आणि तिच्यावर पाणसळ चालते. पाणी भरलेली पारदर्शक नळी त्याहून अचूक. उतारावरच्या जागेत वरची बाजू कापून खाली आणा. खालच्या बाजूला मातीचा बांध घालून पातळी गाठली तर बांध खचतो.

दुसरा चोर म्हणजे केशाकर्षण. लायनरची कड मातीत किंवा हिरवळीत नुसती पुरली आणि पाण्यापासून ते मातीपर्यंत ओल्या मातीचा, काथ्याच्या चटईचा किंवा शेवाळाचा सलग पूल झाला, की दिव्याच्या वातीसारखं पाणी वर चढून बाहेर जातं. छिद्र नसताना तळं रोज आटतं. यावर उपाय सोपा आहे: काठावरच्या मातीच्या किंवा गोट्यांच्या मागे लायनरची कड सरळ उभी वर काढा, पाण्याच्या पातळीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर, आणि तिथेच कापा. वरून बघणाऱ्याला फक्त एक काळी रेघ दिसते, तीही झाडं वाढली की झाकते.

एका बाजूला मुद्दाम तीन सेंटिमीटर खालचा सांडवा ठेवा. जोराच्या पावसात ५० मिलिमीटर पाणी पडलं तर या मापाच्या तळ्यातून सुमारे २३५ लिटर बाहेर जायला वाट हवी. ती तुम्ही ठरवली नाही तर पाणी ठरवतं आणि काठाची माती घेऊन जातं. सांडव्याखाली लायनरचाच उरलेला तुकडा घालून, त्याला चार-सहा भोकं पाडून वर माती भरली की दलदलीचा छोटा पट्टा होतो. बेडकांना तळ्याइतकाच तो आवडतो.

उघडं ओलं रबर निसरडं असतं आणि उन्हात तापतं. उथळ बाजूला गोटे-वाळू अंथरायची, पण तीनास एक यापेक्षा तीव्र उतारावर ती टिकत नाही. खणतानाच पायरीच्या आतल्या कडेला पाच-सात सेंटिमीटरचा उंचवटा ठेवा. तो नंतर करता येत नाही, आणि नव्वद टक्के खड्ड्यांत तो ठेवायचा राहून जातो, असा आमचा अंदाज.

गळती की बाष्पीभवन

आपल्या उदाहरणातल्या तळ्याचा पृष्ठभाग ४.७ चौरस मीटर. रोज पाच मिलिमीटर पाणी उडालं तर साडेतेवीस लिटर. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत याच्या दुप्पटही उडतं. लायनरवर आळ घेण्याआधी एक बादली घ्या, तळात दगड ठेवून उथळ पायरीवर उभी करा, आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा. ४८ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाही. बाहेर जास्त उतरलं तर तळं भरू नका, खाली जाऊ द्या. जिथे पातळी थांबेल, त्या रेषेवर कुठेतरी छिद्र आहे. काठाच्या जवळच थांबली तर बहुधा छिद्र नसून वर सांगितलेली वात आहे.

कधी लायनर तळातून पोटासारखा फुगून वर येतो. खालून भूजल चढलेलं असतं किंवा खाली राहिलेला पाला-मुळं कुजून वायू साचलेला असतो. बागेतली सर्वांत खोलगट, सदा ओली जागा तळ्याला नैसर्गिक वाटते, पण लायनरच्या तळ्याला तीच सर्वांत वाईट. भोक पाडून हवा सोडू नका. पाणी आणि वजनदार गोटे वाढवा, भूजल उतरायची वाट बघा.

छिद्र सापडलंच तर सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि सिलिकॉन दोन्ही विसरा. ईपीडीएमवर त्यांची पकड टिकत नाही. त्याच रबरासाठी बनवलेला प्रायमर आणि स्वयंचिकट पट्टी लागते. जागा पूर्ण कोरडी, शेवाळ घासून काढलेली, पट्टीचे कोपरे गोल कापलेले, छिद्राच्या सगळ्या बाजूंना निदान साडेसात सेंटिमीटर. प्रायमर हाताला लागेनासा झाला की पट्टी लावून रुळाने मध्यापासून कडेकडे दाबायची. घाई केली, ओल राहिली, तर पट्टी महिन्याभरात पापडासारखी सुटते.

खोक्यातलं बाकी

पंप नको. त्याचं तोंड बेडूकमासे आणि अळ्या ओढून घेतं, आणि कारंज्याचे थेंब पानांवर पडत राहिले की कुमुदिनी रुसते. यूव्ही दिवा हिरवं पाणी स्वच्छ करतो हे खरं. पण नव्या तळ्याचं हिरवेपण काही आठवड्यांत डॅफ्नियासारखे बारीक जीव खाऊन संपवतात, आणि त्याच जिवांवर पुढची सगळी साखळी उभी राहते. शेवाळनाशकाची बाटली तर उलटंच करते: मेलेलं शेवाळ कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि खत सोडून पुढच्या शेवाळाची सोय करतं. तंतुमय शेवाळ काठीवर गुंडाळून काढा आणि रात्रभर काठावर ठेवा, म्हणजे त्यात अडकलेले जीव पाण्यात परततील.

शेवाळाचं मूळ बहुधा पाण्यात आणि मातीत असतं. नळाच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असू शकतं, म्हणून जमेल तेवढं छपरावरचं पावसाचं पाणी वापरा, पहिल्या सरीचं सोडून. बागेची खतावलेली माती तळ्यात घालू नका. धुतलेली वाळू, गोटे आणि खणताना निघालेली खालच्या थराची माती पुरते. संचातल्या टोपल्या या एका गोष्टीसाठी ठेवा: वेखंड किंवा कुमुदिनी पसरू नये म्हणून. सेरॅटोफायलम या पाण्याखालच्या वनस्पतीला मुळंच नसतात, ते नुसतं पाण्यात सोडलं की झालं. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

मासेही नकोत, डास खाणारे म्हणून मिळणारे गांबुसिया तर नकोतच; ते बेडूकमासे आणि चतुराच्या अळ्याही खातात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने काढलेल्या जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आणि जलपर्णी दोघंही आहेत. डासांची भीती पहिल्या काही आठवड्यांपुरती खरी असते. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर पाच दिवसांनी चहाच्या गाळणीने अळ्या काढा. फारच झाल्या तर बीटीआयचे, म्हणजे डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे, दाणे पाकिटावरच्या मात्रेतच टाका. पुढे उताणे पोहणारे पाणकिडे, पाणभुंगेरे आणि चतुराच्या अळ्या ते काम हाती घेतात. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या किंचित वर, कडांना घट्ट बसवलेली पोलादी जाळी हवी. वीतभर पाणीही धोक्याचं असतं.

कडा कापल्यावर उरलेले तुकडे फेकू नका. मोठे दगड लायनरवर थेट ठेवायचे नसतात, त्यांच्याखाली हे तुकडे दुहेरी घाला. सांडव्याला एक लागेल. आणि हातभर लांबीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी राखा, कारण काही वर्षांनी मोठी चीर पडली तर पट्टीपेक्षा त्याच मालाचा जोड चांगला बसतो. तो घडी न घालता गुंडाळून, सावलीत ठेवा, यंत्राच्या तेलाच्या डब्यापासून लांब.